वल्हे खेळाडूच्या हाती, बाटली कुणाच्या?

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये जपानच्या इशिकावा प्रांतात राष्ट्रीय कॅनो स्प्रिंट स्पर्धा झाली. सेइजी कोमात्सु या कयाकपटूचा मूत्रनमुना स्पर्धेदरम्यान घेण्यात आला आणि त्यात मेथान्डिएनोन हे स्नायू वाढवणारे स्टेरॉइड आढळले. कोमात्सुवर तात्पुरती बंदी आली. असे कोणतेही द्रव्य घेतले नसल्याचे तो परोपरीने सांगत राहिला. परंतु उत्तेजक चाचणीत दोषी आढळलेला जवळपास प्रत्येक खेळाडू हेच सांगत असतो. त्यामुळे त्याच्या शब्दाला फारसे वजन नव्हते. काही आठवड्यांनी यासुहिरो सुझुकी या वयाने ज्येष्ठ असलेल्या कयाकपटूने कबुली दिली. टोकियो ऑलिंपिकच्या संघात स्थान मिळवण्याच्या चढाओढीत कोमात्सु त्याच्या वाटेत उभा होता, म्हणून त्याच्या पेयाच्या बाटलीत ते द्रव्य सुझुकीनेच मिसळले होते. कोमात्सु निर्दोष ठरला आणि सुझुकीवर आठ वर्षांची बंदी आली.

कोमात्सुची सुटका प्रयोगशाळेने केली नाही, वकिलाने केली नाही आणि नियमांनीही केली नाही. ती केली अपराध्याच्या जाग्या झालेल्या सदसद्विवेकबुद्धीने. सुझुकी गप्प बसला असता, तर बाटलीत काय घडले हे कोमात्सु कशाच्या आधारे सिद्ध करणार होता? उत्तेजकविरोधी व्यवस्थेतील खेळाडूच्या जबाबदारीचा विचार या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. भारतात तर तो अधिक निकडीचा आहे.

जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेची, म्हणजे वाडाची, स्थापना १९९९ मध्ये झाली आणि तिची संहिता २००४ पासून लागू झाली. या संहितेचा पाया ‘कठोर दायित्व’ या तत्त्वावर उभा आहे. प्रतिबंधित द्रव्य शरीरात जाऊ न देणे हे खेळाडूचे वैयक्तिक कर्तव्य आहे. नमुन्यात द्रव्य सापडले की नियमभंग सिद्ध होतो. ते हेतुपुरस्सर घेतले, चुकून घेतले की कुणी फसवून दिले, हे त्या टप्प्यावर विचारले जात नाही. हेतू आणि निष्काळजीपणा यांचा विचार होतो तो शिक्षा ठरवताना. अॅनाबॉलिक स्टेरॉइडसारख्या द्रव्यासाठी मूळ शिक्षा चार वर्षांची असते आणि हेतू नव्हता हे सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर असतो.

सामान्य न्यायकल्पनेला हा नियम खटकतो. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे तत्त्व येथे उलटे झाल्यासारखे वाटते. तरीही या नियमामागे एक वैज्ञानिक वास्तव आहे. प्रयोगशाळा रेणू ओळखते, मन ओळखत नाही. नमुन्यातील रेणू कोणत्या इच्छेने आत आला, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. हेतू सिद्ध करण्याचा भार तपास संस्थेवर टाकला, तर ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे एक वाक्य प्रत्येक लबाडाला सोडवायला पुरेसे होईल. प्रामाणिक खेळाडूचे संरक्षण करण्यासाठीच हा कठोर नियम जन्माला आला, हे विसरता येत नाही.

वल्ह्यांच्या खेळांत हे संरक्षण अनाठायी नाही. रोइंगमध्ये खेळाडू पाठमोरा बसून नाव ओढतो. कॅनो आणि कयाकमध्ये तो पुढे तोंड करून वल्हे मारतो, आणि हे वल्हे नावेला जखडलेले नसते. कॅनोमध्ये खेळाडू एका गुडघ्यावर टेकून एकेरी पात्याचे वल्हे चालवतो, तर कयाकमध्ये बसून दुहेरी पात्याचे. २०० मीटरची शर्यत मिनिटाच्या आत संपते आणि १००० मीटरची साधारण साडेतीन ते चार मिनिटे चालते. पहिलीला स्फोटक ताकद लागते. दुसरीला ताकदीबरोबर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताही लागते. म्हणजे स्नायू वाढवणारी आणि दम वाढवणारी, अशा दोन्ही प्रकारच्या द्रव्यांचा मोह येथे होऊ शकतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मोल्दोव्हाच्या सेर्गेई तार्नोव्हस्कीने कॅनोच्या १००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. परंतु वाढीच्या संप्रेरकाचा स्राव वाढवणारे एक पेप्टाइड त्याच्या नमुन्यात सापडले आणि ते पदक काढून घेण्यात आले. पाण्यावरचा हा शांत दिसणारा खेळ मोहापासून मुक्त नाही.

असे असूनही कोमात्सुचा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधताना कॅनडाच्या लॉरेन्स व्हिन्सेंट-लापॉइंट या कॅनोपटूचे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे. ही अनेक वेळची विश्वविजेती. २०१९ च्या जुलैमध्ये स्पर्धेबाहेर घेतलेल्या तिच्या नमुन्यात लिगॅन्ड्रॉल या द्रव्याचा अत्यल्प अंश आढळला. स्टेरॉइडप्रमाणेच स्नायूंवर परिणाम करणारे हे द्रव्य. तिच्यावर तात्पुरती बंदी आली आणि त्या वर्षीची सेगेद येथील जागतिक स्पर्धा तिच्या हातून गेली. तिने वकील नेमला आणि केसांच्या चाचणीचा आधार घेतला. तिच्या तेव्हाच्या जोडीदाराने ते द्रव्य घेतले होते आणि शरीरद्रवांच्या संपर्कातून त्याचा अंश तिच्यापर्यंत पोहोचला, हे स्पष्टीकरण आंतरराष्ट्रीय कॅनो महासंघाने २०२० च्या जानेवारीत मान्य केले. टोकियोत महिलांच्या कॅनो शर्यती ऑलिंपिकमध्ये प्रथमच झाल्या, तेव्हा तिने २०० मीटरमध्ये रौप्य आणि दुहेरीच्या ५०० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकले.

या सुटकेमागचे विज्ञान समजून घेतले पाहिजे. आजची वस्तुमान वर्णपटमापन यंत्रे एका मिलिलिटर मूत्रातील ग्रॅमच्या अब्जांश भागाहूनही कमी द्रव्य हुडकू शकतात. ही प्रगती स्वागतार्ह आहे. कारण महिन्यांपूर्वी घेतलेल्या स्टेरॉइडचा दीर्घकाळ टिकणारा अवशेषही त्यामुळे सापडतो. पण याच संवेदनशीलतेने एक नवी अडचण निर्माण केली आहे. मोठी मात्रा घेऊन काही आठवडे लोटल्यावर उरलेली शेपटी आणि दूषित गोळीतून कालच शरीरात गेलेला कण, या दोहोंचा आकडा सारखाच दिसू शकतो. यंत्र ‘किती’ हे सांगते. ‘कसे’ हे सांगत नाही. केस मात्र थोडा इतिहास जपतात. डोक्याचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्याचे तुकडे करून तपासले, तर वारंवार घेतलेले द्रव्य आणि एकदाच झालेला किरकोळ संपर्क यांत भेद करण्यास मदत होते.

ही मदत फुकट मिळत नाही. विशेष चाचणी, तिचा अर्थ लावणारा तज्ज्ञ आणि आंतरराष्ट्रीय सुनावणीत बोलू शकणारा वकील या तिन्ही गोष्टींना पैसा लागतो. कागदावर कठोर दायित्व सर्वांना समान आहे. निर्दोषत्व सिद्ध करण्याची ताकद मात्र समान नाही. प्रसिद्ध विश्वविजेतीला जे जमले, ते सैन्यदलातील शिपायाच्या पगारावर किंवा क्रीडा वसतिगृहाच्या भत्त्यावर जगणाऱ्या खेळाडूला जमेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

भारतातील परिस्थिती या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. वाडाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतीय खेळाडूंचे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१४ नमुन्यांत प्रतिबंधित द्रव्य आढळले. हे प्रमाण ३.८ टक्के, मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत सर्वाधिक. २०२४ मध्ये चाचण्या ७,११३ झाल्या आणि २६० नमुने दोषी निघाले, प्रमाण ३.६ टक्के. संशयितांना हेरून चाचण्या घेतल्या की टक्केवारी वाढते, हे खरे आहे. पण तेवढ्याने समाधान मानता येत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीतील राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत चाचणी पथक आल्याची कुणकुण लागताच खेळाडू पसार झाले आणि पुरुषांच्या १०० मीटर अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला. हे चित्र अज्ञानाचे नव्हते. भारतात जाणूनबुजून उत्तेजक घेणारे आहेत आणि त्यांना शिक्षा झालीच पाहिजे.

मात्र याच देशात जाणूनबुजून न घेणारेही फसू शकतात आणि त्याची कारणे अगदी घरगुती आहेत. औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून सहज मिळणारी खोकल्याची अनेक औषधे टर्ब्युटालिन असलेली असतात. श्वासनलिका मोकळ्या करणारे हे द्रव्य वाडाच्या यादीनुसार स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहे. वल्हे मारून मारून खांदा दुखावणे हे या खेळात नित्याचे. त्यावर दिले जाणारे कॉर्टिकोस्टेरॉइडचे इंजेक्शन २०२२ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०२४ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध झाले. तालुक्याच्या गावी ‘ताकदीची सुई’ म्हणून टोचले जाणारे औषध नेमके काय असते, हे टोचून घेणाऱ्याला बहुधा माहीत नसते. व्यायामशाळेच्या गल्ल्यावर सुट्या डब्यातून विकल्या जाणाऱ्या पावडरीबद्दल तर बोलायलाच नको.

अपंग कॅनोपटूंची वाट अधिक अवघड आहे. ग्वाल्हेरची प्राची यादव ही टोकियो पॅरालिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय पॅराकॅनोपटू. २०२३ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले. तिच्या यशाने अनेक मुलामुलींना पाण्याकडे ओढले असेल. मज्जारज्जूच्या इजेतून येणारी दीर्घ वेदना किंवा स्नायूंचा ताठरपणा यांसाठी अशा खेळाडूंपैकी अनेकांना नियमित औषधे घ्यावी लागतात. त्यांपैकी एखादे यादीत असेल, तर ‘उपचारार्थ वापराची सवलत’ आधी मागावी लागते. राष्ट्रीय पातळीवरील खेळाडूने राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरील खेळाडूने महासंघाकडे वैद्यकीय कागदपत्रांसह अर्ज करायचा असतो. मूत्रपिशवी वापरणाऱ्या खेळाडूने नमुना देण्यापूर्वी ती रिकामी करायची असते. या बारीकसारीक गोष्टी कुणीतरी शिकवल्याशिवाय उमगत नाहीत.

खेळाडूची जबाबदारी म्हणजे काय, हे यातून स्पष्ट होते. ती केवळ ‘उत्तेजक घेऊ नका’ या तीन शब्दांत मावत नाही. कोणत्याही डॉक्टरला औषध लिहून घेण्यापूर्वीच खेळाडू असल्याचे सांगणे. औषधातील प्रत्येक घटक दर वर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होणाऱ्या यादीशी ताडून पाहणे. त्यासाठी नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ या अॅपचा वापर करणे. पूरक आहार शक्यतो टाळणे आणि घ्यायचाच झाल्यास तपासणी झालेल्या खेपेचाच घेऊन तिचा थोडा भाग व पावती जपणे. नमुना देताना संच स्वतः निवडणे, मागील सात दिवसांत घेतलेली औषधे अर्जात नोंदवणे आणि शंका असल्यास ती तिथेच लिहून देणे, इतका तिचा विस्तार आहे. नोंदणीकृत चाचणी गटात निवड झालेल्या खेळाडूला याशिवाय दररोज पहाटे ५ ते रात्री ११ या वेळेतील एक तास आणि त्या तासाचे ठिकाण आगाऊ कळवावे लागते. बारा महिन्यांत तीनदा चूक झाली, तर एकही दूषित नमुना नसताना दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. शिबिर एका तलावावरून दुसऱ्या जलाशयावर ऐनवेळी हलवले गेले आणि खेळाडूने पत्ता बदलला नाही, तर दोष खेळाडूचाच.

आणि यावर कळस म्हणजे बाटली. संहिता याबाबत फार निष्ठुर आहे. प्रतिस्पर्ध्याने घातपात केला आणि खेळाडूने सर्व काळजी घेतली होती हे सिद्ध झाले, तर पूर्ण माफी मिळू शकते. पण प्रशिक्षकाने, जोडीदाराने किंवा निकटच्या वर्तुळातील कुणी अन्नपाण्यात काही मिसळले, किंवा खेळाडूच्याच डॉक्टरने न सांगता काही दिले, तर पूर्ण माफीची आशा धरता येत नाही. फार तर शिक्षा कमी होते. कारण स्वतःचे अन्नपाणी कुणाच्या हाती सोपवायचे, ही निवड खेळाडूची मानली जाते.

भारतीय शिबिरातील वास्तवाशी हे गृहीतक ताडून पाहावे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी प्रशिक्षकाने दिलेली गोळी नाकारू शकते का? ‘सर, यात काय आहे?’ हा प्रश्न विचारण्याची मुभा तिला गुरुशिष्य नात्यात असते का? शर्यतीच्या वेळी खेळाडू पाण्यावर असतो आणि त्याची पिशवी, त्याची बाटली काठावर असते. तिच्यावर नजर कोण ठेवतो? जिथे निवडीचे स्वातंत्र्यच नाही, तिथे निवडीची संपूर्ण जबाबदारी टाकणे हा न्यायाचा आभास ठरतो. वाडाच्या संहितेनेही हे अंशतः ओळखले आहे. अल्पवयीनांसारख्या ‘संरक्षित’ खेळाडूकडून नियमभंग झाला, तर त्याच्या प्रशिक्षक-सहायकांची चौकशी आपोआप व्हावी, असे ती सांगते. ही तरतूद खेळाडूवरील बंदीइतक्याच तातडीने अमलात आणली पाहिजे.

यावर आक्षेप येईल की अशा युक्तिवादाने पळवाटा रुंद होतात. आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच उपाय नियम सैल करण्यात नाही. कठोर दायित्व जसेच्या तसे राहावे. परंतु नमुना घेण्याच्या क्षणापूर्वीची जबाबदारी इतरांनीही उचलावी. भारताने उत्तेजक शोधण्याच्या विज्ञानात गुंतवणूक केली आहे. चाचणीसाठी लागणारी दुर्मीळ संदर्भ रसायने दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने गुवाहाटीची नायपर आणि जम्मूची आयआयआयएम या संस्थांच्या साहाय्याने देशातच तयार केली. २०२२ मध्ये संसदेने राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक कायदा केला. शोध आणि शिक्षा यांची यंत्रणा अशी उभी राहत असताना, प्रतिबंध आणि बचाव यांची यंत्रणा तोकडी राहून चालणार नाही.

त्यासाठी भव्य योजना लागत नाहीत. प्रत्येक शिबिरात नाव लिहिलेल्या, मोहोरबंद बाटल्या आणि काठावर त्यांची जबाबदारी असलेला माणूस. शिबिराच्या डॉक्टरने दिलेल्या प्रत्येक औषधाची सहीनिशी नोंद आणि तिची प्रत खेळाडूच्या हाती. यादी आणि अर्ज इंग्रजी-हिंदीपुरते न ठेवता मणिपुरी, मल्याळी, मराठी, काश्मिरी बोलणाऱ्या खेळाडूला समजतील असे करणे. पूरक आहार द्यायचाच असेल, तर महासंघाने तपासलेल्या खेपेचाच देणे. आणि मूत्रनमुन्यात अत्यल्प अंश सापडलेल्या, ऐपत नसलेल्या खेळाडूसाठी केसांची चाचणी, तज्ज्ञ व वकील यांचा खर्च उचलणारा एक छोटा निधी. यातील एकही गोष्ट लबाडाला मदत करत नाही. औषधांची नोंद काटेकोर असेल, तर ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब उलट अधिक अवघड होते.

भारतात हा खेळ अजून लहान आहे. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी दुहेरी कॅनोच्या १००० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकले. १९९४ च्या हिरोशिमा स्पर्धेनंतर भारताला या खेळात मिळालेले ते पहिले आशियाई पदक. जिथे दोन पदकांच्या मध्ये २९ वर्षे जातात, तिथे एका खेळाडूची चार वर्षे फार मोठी असतात. चार वर्षांची बंदी म्हणजे एक संपूर्ण ऑलिंपिक चक्र, क्रीडा कोट्यातील नोकरीची संधी आणि गावात ताठ मानेने वावरण्याचा हक्क. दोषी असलेल्याकडून हे सारे हिरावून घेण्याचा अधिकार व्यवस्थेला आहे. निर्दोष असलेल्याकडून ते हिरावले जाऊ नये याची काळजी घेण्याचे कर्तव्यही तिचेच आहे.

कोमात्सुला एका कबुलीने वाचवले. व्हिन्सेंट-लापॉइंटला केसांच्या काही तुकड्यांनी आणि ते तपासून घेण्याच्या ऐपतीने वाचवले. पुढच्या भारतीय खेळाडूला केवळ नशिबाच्या भरवशावर सोडायचे नसेल, तर तो पाण्यावर असताना काठावरची बाटली कुणाच्या ताब्यात आहे, याचे उत्तर शर्यत सुरू होण्यापूर्वी तयार असले पाहिजे; आणि ते उत्तर एकट्या खेळाडूने देण्याचे नाही.